भूक पोटाची की मनाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "वजनावर बोला. पण डाएट सांगू नका, ते सगळ्यांना पाठ आहे!" आपण हसलात, त्या अर्थी त्यांचे म्हणणे खोटे नसावे.

मी डॉक्टर नव्हे. २७ वर्षे शाळेत शास्त्र शिकविले, एवढाच माझा अधिकार. दुसरा अधिकार असा की, मी स्वतः वजन उतरविले, दुपटीच्या उत्साहाने पुन्हा चढविले, आणि या चढउतारात दोन गोष्टी शिकले. त्याच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

२०१५ साली माझ्या रक्तातली साखर काठावर असल्याचे निघाले. वजन ७४ किलो. "वजन उतरवा" एवढे डॉक्टरांनी सांगितले. कसे, ते सांगायला त्यांना सवड नव्हती, बाहेर रांग होती. मग मी माझ्याच मनाने सुरुवात केली. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एक भाकरी नि पालेभाजी, रात्री ताक. भात बंद, साखर बंद, सणावारीही गोड बंद. चार महिन्यांत ७ किलो उतरले. शेजारच्या काकूंनी "आजारी होतात का हो?" म्हणून विचारले, तेव्हा मला कोण आनंद झाला!

पण त्या चार महिन्यांत मला दुसरे काही सुचले नाही. पुस्तक उघडावे तर पानावर पुरणपोळी दिसे. बारीकसारीक गोष्टींवरून मी घरात चिडत असे. आमचे 'हे' बिचारे गॅलरीत जाऊन चोरून लाडू खात. शेवटी एका लग्नात ताटात जिलबी पडली. एक खाल्ली आणि मनात आले, 'व्रत मोडलेच आहे, आता काय राहिले?' त्या दिवशी किती जिलब्या खाल्ल्या ते मी मोजले नाही. पुढच्या दिवाळीपर्यंत ७ गेलेले ९ होऊन परत आले. काटा ७६ वर.

मला वाटले, आपल्यात मनोनिग्रह नाही. जी मुलांना वर्गात शिस्त लावते, तिला स्वतःच्या जिभेला लावता येऊ नये! ही लाज फार वाईट असते, मैत्रिणींनो. आणि लाज वाटली की काय करावेसे वाटते? डबा उघडावासा वाटतो.

पुढे मी यावर जरा वाचले, तेव्हा कळले की, दोष एकट्या माझा नव्हता. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. युद्धामुळे युरोपात उपासमार होती; उपाशी माणसांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्यांना पाहायचे होते. ३६ धडधाकट तरुण आपण होऊन तयार झाले. २४ आठवडे त्यांना जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवले. वजन सुमारे पावपट घटले. पण त्याहून मोठा फरक मनात पडला. ते चिडके झाले, उदास झाले, रात्रंदिवस जेवणाच्याच गोष्टी करू लागले. काही जण पाकक्रियेची पुस्तके वाचत बसत! आणि पोटभर खायला मिळू लागल्यावर कितीही खाल्ले तरी काहींचे समाधान होईना. धडधाकट पुरुषांची ही गत, तर पानावर पुरणपोळी पाहणाऱ्या माझे काय चुकले?

दुसरा प्रयोग १९७५ सालचा, विद्यार्थिनींवर केलेला. एरवी खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या मुली त्यात होत्या. काहींना आधी मिल्कशेक दिले, काहींना दिले नाही. मग सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवले. लगाम न ठेवणाऱ्या मुली मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाऊ लागल्या. ते स्वाभाविकच. पण लगाम ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले! हीच माझी जिलबी. आमच्या सासूबाईंना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. त्या म्हणत, 'एकादशी आणि दुप्पट खाशी.'

मग करायचे काय? मी शिक्षिका, मी एक वही केली. वजनाची नव्हे आणि उष्मांकांचीही नव्हे. तीन रकाने आखले: किती वाजता खाल्ले, काय खाल्ले, आणि का खाल्ले. खाण्यात काही बदल करायचा नाही, फक्त खरे लिहायचे. पंधरा दिवसांनी वही वाचली आणि थक्क झाले. दोन्ही वेळचे जेवण बेताचेच होते. बाकीचे जे होते, त्याच्यापुढे 'भूक लागली म्हणून' असे क्वचितच लिहिलेले होते.

सर्वांत अधिक वेळा लिहिले होते, 'उरले म्हणून.' यात आपणा सर्वजणींची ओळख पटेल. पातेल्यात डावभर आमटी, नातीच्या बशीत अर्धा पराठा, सकाळची एक पोळी. अन्न पूर्णब्रह्म, ते टाकायचे कसे? म्हणून उभ्या उभ्या, ओट्याशी, कोणी पाहात नसताना ते आपण पोटात टाकतो. टाकतो हाच शब्द बरोबर आहे. मनाशी विचार केला, की भूक नसताना खाल्लेली ती पोळी वाया गेली नाही असे मी कशावरून म्हणते? केरात न जाता ती माझ्या कमरेवर गेली, एवढेच. तेव्हापासून मी मापाने शिजवू लागले. उरलेच तर झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी करते. पण ती ताटात घेऊन, बसून, माझ्या वाटणीची म्हणून खाते.

दुसरे कारण, 'समोर होते म्हणून.' पेनसिल्व्हेनियात बार्बरा रोल्स या संशोधिका आहेत. २००२ साली त्यांनी लोकांपुढे एका दिवशी अर्धा किलो, तर दुसऱ्या दिवशी एक किलोपर्यंत मॅकरोनी ठेवली. भूक तीच, माणसे तीच; पण मोठी रास समोर असताना ती छोट्या राशीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त खाल्ली गेली. म्हणजे 'पुरे' हे पोट जितके ठरविते तितकेच डोळेही ठरवितात. म्हणून मी पातेली ताटाशेजारी ठेवणे सोडले. चिवड्याचा डबा घेऊन बसत नाही. वाटीत काढून घेते आणि डबा फडताळात जातो.

यात स्मरणाचाही भाग आहे. स्मृती गेलेल्या दोन रुग्णांवरचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे जेवण झाल्यावर दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा ताट पुढे केले, तर ते पुन्हा जेवत. आणि तिसऱ्यांदा दिले तरी बहुधा सुरुवात करीत. आपण जेवलो आहोत, हे त्यांच्या लक्षातच नसे. आपली स्मृती शाबूत आहे. पण डोळे मालिकेवर किंवा मोबाइलवर ठेवून जेवलेले जेवण आपल्या तरी कितीसे लक्षात राहते? जेवणाआधी श्लोक म्हणण्याची आपली चाल होती. देवाचे नाव तर त्यात होतेच. पण समोर अन्न आहे, इकडे लक्ष दे, असेही ती मनाला सांगत होती.

आता वहीतली तिसरी गोष्ट. ही सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. रोज दुपारी चार वाजता एक नोंद होती. चिवडा, शंकरपाळे, खारी, कधी कंदी पेढे. साताऱ्यात राहून पेढ्याला नाही कसे म्हणणार? कारणाच्या रकान्यात मी पहिल्या दिवशी लिहिले होते 'सहज', दुसऱ्या दिवशी 'सहज', तिसऱ्या दिवशीही 'सहज'. खरे लिहायचे असे ठरले होते. म्हणून चौथ्या दिवशी डब्याचे झाकण हातात धरून थांबले. चारच का? साडेतीन का नाही?

माझी शाळा सकाळची असे, मुलाची दुपारची संपून तो चारला घरी येई. दप्तर टाकायच्या आधी "आई, काय आहे?" म्हणून ओरडे. मी डबा काढून तयारच असायची. तो २०१४ साली नोकरीसाठी कॅनडाला गेला. चारची वेळ मात्र घरातच राहिली. मी डबा काढायची. खाणारे कोणी नसे, म्हणून मी खायची. मला भूक नव्हती, मैत्रिणींनो. मी वाट पाहात होते. वहीत तसे लिहिले, आणि त्या दिवशी खाल्ले नाही; बराच वेळ रडले मात्र.

वाट पाहण्यावर चिवडा हा इलाज नव्हे, हे कळायला मला तीन वर्षे लागली. कोणाची भूक रागाची असते, कोणाची एकटेपणाची, कोणाची नुसत्या थकव्याची. थकलेल्या बाईला झोप हवी असते, ती बिस्किटे खाते. झोप अपुरी असली की भूक वाढते, हेही आता सिद्ध झाले आहे. आणि राग सासरच्या माणसांवर काढता येत नाही, म्हणून तो गूळ-शेंगदाण्यावर निघतो! म्हणून डबा उघडण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: 'आत्ता गरम भाजी-भाकरी मिळाली तर खाईन का?' उत्तर 'हो' असेल तर ती पोटाची भूक. खुशाल खावे, आणि वेळेवर खावे. 'नको, शेवच पाहिजे' असे असेल तर ती मनाची भूक. मनाला काय झाले आहे ते पाहावे. तरीही शेव खावीशी वाटली तर वाटीत घेऊन, बसून, चवीने खावी. कशालाच कायमचे 'बंद' म्हणत नाही. बंद म्हटले की जिलबी टपून बसलेलीच असते.

माझ्या चार वाजण्याला उपाय सापडला तो याच मंडळात. वाचनालयाचे काम पाहायला कोणीतरी हवे होते. मी चारची वेळ मागून घेतली. पुस्तके देता घेता मुले गोळा होतात, दप्तरे टाकतात, ओरडतात. साडेपाचला आम्ही तिघी-चौघी चार भिंतींपर्यंत चालत जातो. घरी आल्यावर जी भूक लागते, ती खरी असते.

फळ काय मिळाले, ते प्रामाणिकपणे सांगते. वर्षभरात ५ किलो उतरले; ७६ चे ७१ झाले, आणि आज कित्येक वर्षे तिथेच आहे. आपल्याकडील बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे तज्ज्ञ सांगतात. माझी ९४ होती, ती ८७ आहे. साखर अजून काठावरच आहे, पण तिने काठ ओलांडलेला नाही. कोणी म्हणेल, एवढेच? होय, एवढेच. पण या वेळी मी चिडले नाही, लाजले नाही, आणि आमच्या 'ह्यां'ना गॅलरीत जावे लागले नाही.

दोन सूचना मात्र देते. सगळाच लठ्ठपणा मनातून येत नाही. घराण्याची ठेवण असते, थायरॉइड असते, काही औषधे असतात, पाळी जाण्याचे वय असते. तेव्हा तपासणी करून घ्यावी. आणि ज्यांना मधुमेहाचे औषध किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी माझे ऐकून जेवणाच्या वेळा बदलू नयेत. दुसरे, जिला खाणे आवरतच नाही, जी चोरून खाते आणि मग उलटी काढते किंवा उपाशी राहते, तिला उपदेश करू नका. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. शक्य तर सोबत बसा.

आणि एक विनंती. घरातल्या मुलीला, सुनेला "काय गं, सुटलीस!" असे गमतीनेही म्हणू नका. अशा गमतीने वजन उतरत नाही, लाज वाढते. आणि लाजेची भूक कशी असते, ते मी सांगितलेच आहे.

वाग्भटांनी सांगून ठेवले आहे की, पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाला, एक पाण्याला, आणि एक मोकळा ठेवावा. तो मोकळा भाग रिकामा वाटला, तरी भरायची घाई नको.

आता चहाची वेळ झाली आहे. आत बटाटेवडे आणि पेढे मांडलेले मी येतानाच पाहिले आहेत. भूक असेल त्यांनी मनसोक्त खावे. नसेल त्यांनी पेढा घरी न्यावा. आग्रह मात्र आज कोणी कोणाला करायचा नाही, अगदी चिटणीसबाईंनीसुद्धा!