कर्जाच्या कागदावर सही कोणत्या नात्याने ?



व्यापार म्हटला की कर्ज आले आणि कर्ज म्हटले की कागदपत्रे आली. बँकेत खुणा केलेल्या जागा दाखविल्या जातात आणि घरातील मंडळी निमूटपणे सह्या करतात. अर्ध्या टक्क्याच्या व्याजासाठी चार दिवस घासाघीस करणारा व्यापारी, 'ही सही कोणत्या नात्याने ?' हे मात्र विचारीत नाही. वास्तविक पुढील सारे दायित्व याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

एकल मालकीच्या दुकानाच्या पाटीवर नाव कोणतेही असो, कायद्याच्या दृष्टीने दुकान व मालक एकच. सही मालकाची आणि वसुली त्याच्या खाजगी मालमत्तेपर्यंत पोहोचणारी.

भागीदारी पेढीस १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लागू आहे. नित्य व्यवहारात एका भागीदाराची सही पेढीला बांधते. पेढीची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करण्याचा अधिकार मात्र त्यात गृहीत नसतो. म्हणून बँका सर्व भागीदारांच्या सह्या घेतात. कलम २५ नुसार दायित्व संयुक्त तसेच पृथक् असते. दोन आणे हिस्सा असलेल्याकडूनही सोळा आणे वसुली होऊ शकते. अज्ञान मुलास केवळ लाभापुरते सामील करता येते. तो सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत नकाराची जाहीर सूचना दिली नाही, तर तो पूर्ण भागीदार होतो आणि सामील झाल्या दिवसापासूनच्या देण्यांस व्यक्तिशः जबाबदार ठरतो.

हिंदू अविभक्त कुटुंबात सही कर्त्याची. कुटुंबाची गरज वा हित यांसाठी तो कर्ज काढू शकतो. इतर सहदायादांचे दायित्व सामान्यतः एकत्र मिळकतीतील आपापल्या हिश्श्यापुरते असते. परंतु त्यांनी स्वतः कर्जदार म्हणून सही केली की ते व्यक्तिगत होते. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू असून, त्यातील २००५ च्या दुरुस्तीने कन्याही जन्मतः सहदायाद झाली आहे. विवाहित कन्येचीही सही बँक मागते, ती याच कारणाने.

कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कर्ज घेण्याचा निर्णय संचालक मंडळाच्या सभेत, अथवा मंडळाने ठरावाने अधिकार दिलेल्या समितीने वा अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो; सही ठरावात नमूद अधिकृत व्यक्तीची. २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारीत भागीदार हा संस्थेचा प्रतिनिधी असतो, इतर भागीदारांचा नव्हे.

मग मर्यादित दायित्वाची भिंत कोसळते कोठे ? ती जामीनपत्रावर कोसळते. संचालक कंपनीच्या वतीने एक सही करतो आणि पुढच्याच कागदावर जामीनदार म्हणून दुसरी. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही नसेल तर, जामीनदाराचे दायित्व ऋणकोइतकेच असते. आधी ऋणकोवर वसुली करा, असे त्याला म्हणता येत नाही. गृहिणी, सून, वृद्ध मातापिता यांची सही बहुधा याच कागदावर असते. संचालकपदाचा राजीनामा दिल्याने जामीन आपोआप सुटत नाही. तो बँकेकडून लेखी मुक्त करून घ्यावा लागतो.

सार्वजनिक न्यासाची गोष्ट आणखी निराळी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज घेता येत नाही. सर्व विश्वस्तांच्या सह्या असल्या, तरी त्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाहीत.

तेव्हा काही पथ्ये पाळावीत. कोऱ्या कागदावर सही करू नये. मुद्रांकित कोऱ्या वचनचिठ्ठीवर सही करून ती दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे, कायद्याने, ती भरण्याचा अधिकारच देणे होय. सहीखाली 'मालक', 'भागीदार', 'कर्ता', 'संचालक' की 'जामीनदार' हे वाचूनच लेखणी उचलावी. प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी. आणि घरातील स्त्रीपुढे कागद ठेवण्यापूर्वी, तिचे घर व तिचे दागिने यांपैकी काय पणाला लागते आहे, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे. तिने नकार दिला, तर तो अविश्वास मानू नये. तो तिचा अधिकार आहे.

व्यापाऱ्याची पत त्याच्या शब्दावर उभी असते, आणि सही हा त्याचा लिहून दिलेला शब्द आहे. तो समजून दिला, तरच निभावता येतो.

जय जिनेंद्र !