ऐकलेलं नाव लिहिता यावं



कोकणातले कितीतरी आंबा बागायतदार आता स्वतःची वेबसाइट काढतात. पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी जावी, मधले दलाल टळावेत, हा हेतू. आंब्यांचे फोटो काढून होतात, दर ठरतात, कुरिअरवाला ठरतो, आणि वेबसाइटचं नाव मात्र एखाद्या संध्याकाळी घाईघाईत उरकलं जातं. त्या नावाबद्दल, म्हणजे ज्याला डोमेन नेम म्हणतात त्याबद्दल, मला आज बोलायचं आहे. कारण फोटो, दर, मांडणी सगळं पुढच्या हंगामात बदलता येतं. नाव बदललं, की पेट्यांवर छापलेलं, लोकांच्या तोंडी बसलेलं, गूगलला माहीत झालेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

समजा, तुम्हाला ‘देवगड हापूस’ असं नाव घ्यायचं आहे. मराठीत हे दोन शब्द लिहिताना कुणी फारसं अडखळणार नाही. वेबसाइटचं नाव मात्र बहुधा रोमन अक्षरांत लिहावं लागतं, आणि गोंधळ तिथं सुरू होतो. देवगडमधल्या ‘व’साठी व्ही लावायचा की डब्ल्यू? जुन्या पद्धतीनं डी-ई-ओ असंही लिहितात. ‘गड’च्या शेवटी नुसता डी, डी-एच, की आर-एच? ‘हा’ला एक ए की दोन? ‘पू’ला यू की दोन ओ? एवढ्यांचाच हिशेब केला तरी एकाच नावाची छत्तीस रूपं होतात. त्यांतलं एक तुमचं. बाकीची पस्तीस टाइप करणारा माणूस तुमच्याकडे पोचत नाही. तो एखाद्या बंद पानावर तरी जातो, नाहीतर दुसऱ्याच्या दुकानात.

आपल्याकडे पत्ता तोंडी फिरतो. बसमध्ये, लग्नात, फोनवर कुणीतरी सांगतं, ‘आम्ही अमुक ठिकाणाहून आंबे मागवले’, आणि ऐकणारा घरी जाऊन मोबाइलवर ते नाव आठवून टाइप करतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की नाव कानानं निवडा. पाच-सहा जणांना फोन करा. एखादी मावशी, कॉलेजात जाणारा भाचा आणि मराठी न येणारा, अहमदाबादचा किंवा बंगळुरूचा एखादा ओळखीचा यांत असू द्या. नाव एकदाच उच्चारा, स्पेलिंग सांगू नका, आणि ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. सगळ्यांचं सारखं आलं तर नाव घ्या. तिघांचं तीन तऱ्हेचं आलं तर कितीही आवडतं असलं तरी सोडा. ‘अमोल’, ‘सोनल’ अशी नावं या परीक्षेत सहज उतरतात. ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘विठ्ठल’ जिवाभावाची, पण मराठी माणूस ‘ज्ञ’ची सुरुवात डी-एन-वायनं करतो, हिंदी भाषिक जी-वायनं, आणि ‘ठ्ठ’साठी किती टी आणि किती एच, यावर दोन मराठी माणसांचंही एकमत होत नाही.

डोमेन नेममध्ये शब्दांच्या मधली जागा नसते, हेही लक्षात ठेवा. ‘संगम आर्ट’ रोमन अक्षरांत सलग लिहून पाहा; कुणीही ते ‘संगा मार्ट’ असं वाचेल. ‘कोकण नेचर’मध्ये दोन एन शेजारी येतात आणि लिहिणारा एक खातो. शिवाय कोकणच्या पोटात आणखी एक एन घालायचा की नाही, हा प्रश्न आहेच. कोकण रेल्वे घालते. दोन शब्द वेगळे दिसावेत म्हणून काही जण मधे आडवी रेघ टाकतात. नियमाला ती चालते, पण तोंडी सांगताना कुणी तिला हायफन म्हणतं, कुणी डॅश, आणि ऐकणारा ती गाळून मोकळा होतो. आकड्यांचंही तेच, ‘टू’ म्हटलं की दोनचा आकडा लिहायचा की अक्षरं? आणि शेवटच्या टिंबाआधी ६३ अक्षरांपर्यंत मुभा असली तरी बारा-तेरा अक्षरांच्या पुढे बोटं चुकायला लागतात.

कानाला सारखं लागणारं नाव कायद्यालाही सारखंच लागतं. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’ या वेबसाइटचं प्रकरण आलं. दुसऱ्या कुणीतरी ई-च्या जागी ए घालून तसंच नाव घेतलं होतं. फरक एका अक्षराचा. न्यायालयानं त्यांना ते वापरायला मनाई केली आणि डोमेन नेम ही कंपनीची मोलाची मालमत्ता असू शकते, असं म्हटलं. पुढे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘सिफी’ या इंटरनेट कंपनीच्या बाजूनं निकाल दिला; तिथंही समोरच्याचं नाव उच्चारात अगदी जवळचं होतं. तेव्हा नाव घेण्याआधी सरकारच्या ट्रेडमार्क नोंदणीच्या वेबसाइटवर शोध घ्या. तो फुकट घेता येतो. हापूसपुरतं आणखी एक: या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांबाहेरच्या आंब्यासाठी ते वापरू नये.

आता नावाच्या शेपटाबद्दल. डॉट कॉम लोकांच्या बोटांत इतकं बसलंय, की तुम्ही डॉट इन सांगितलंत तरी काही जण कॉमच टाइप करतील. परवडलं तर दोन्ही घ्या. दोन्ही मिळत नसतील, आणि कॉम तुमच्याच धंद्यातल्या माणसाकडे असेल, तर नावच बदला. डॉट इन आपलं, भारताचं. त्याची नोंदणी एकेकाळी मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेकडे होती. २००५ पासून ती निक्सी या संस्थेकडे आहे, आणि तेव्हापासून कुणालाही सरळ आपल्या नावापुढे डॉट इन घेता येतं. शेपूट विश्वासही सांगतं. रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये देशातल्या बँकांना डॉट बँक डॉट इन या पत्त्यांवर जायला लावलं ते याचसाठी, की बनावट वेबसाइट ओळखू यावी.

मग मराठीतूनच नाव का घेऊ नये? घेता येतं. डॉट भारत हे देवनागरी शेपूट २०१४ पासून आहे, आणि स्पेलिंगचा सगळा गुंता तिथं सुटतो. पण ‘हापूस’ दीर्घ लिहायचा की ऱ्हस्व, हे तिथंही ठरवावं लागतं, आणि देवनागरी ई-मेल पत्ता कित्येक फॉर्म अजून स्वीकारत नाहीत. तरीही मला देवनागरी नाव फार मोलाचं वाटतं. रोमन आणि देवनागरी अशी दोन्ही नावं घेऊन एकाच वेबसाइटकडे वळवता येतात. आपल्या अक्षरांतला पत्ता आपणच वापरला नाही, तर ते फॉर्म सुधारायची घाई कुणाला असणार?

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, कारण इथं साध्या माणसांचं नुकसान होताना मी पाहिलं आहे. वेबसाइट बनवणाऱ्या पोरालाच आपण सांगतो, ‘नावही तूच घे.’ तो स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मोबाइल नंबरवर नोंदणी करतो. वाईट हेतू नसतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो, आणि ओटीपी कुणाकडेच येत नाही. नाव तुमचं, पण कागदोपत्री दुसऱ्याचं. तेव्हा खातं तुमच्या ई-मेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर आणि पावती तुमच्या नावाची, एवढं पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

डोमेन नेम कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी एक ते दहा वर्षांपर्यंतची नोंदणी मिळते आणि पुढे नूतनीकरण करावं लागतं. डॉट कॉमची मुदत चुकली तर सहसा काही दिवस नेहमीच्याच दरात नूतनीकरण करता येतं. पण कित्येक नावांचा लिलाव तेवढ्यातच सुरू होतो. तिथून वाचलं, तर ३० दिवस जबर दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवस ते कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग जो आधी येईल त्याचं. म्हणून निदान तीन वर्षांचे पैसे एकदम भरा, आणि मुदतीची तारीख घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये महिनाभर आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.