पहिले भिंग कोणते घ्यावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी वक्त्याने परिश्रम, चारित्र्य आणि ध्येयवाद या विषयांवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहे. परंतु त्याचा दोष माझ्याकडे नसून आजच्या बक्षीसपात्र विद्यार्थ्यांपैकी एका चिरंजीवाकडे आहे. गेल्या आठवड्यात हा मुलगा गळ्यात नवा कॅमेरा अडकवून माझ्या घरी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, मंडळाच्या बक्षिसात थोडी भर घालून बाबा मला एक प्राइम लेन्स घेऊन देणार आहेत. पहिली कोणती घेऊ?" दोन वाक्यांत उत्तर देऊन मी त्याला वाटेला लावले. रात्री विचार करता वाटले, की या प्रश्नाचे खरे उत्तर दोन वाक्यांचे नाही आणि ते एकट्या त्याच्याकरिताही नाही.

एका मुलाच्या छंदासाठी साऱ्या सभेचा वेळ का घ्यावा, असे आपणास वाटेल. माझी विनंती आहे, की आपण स्मरणिकेचे श्रद्धांजलीचे पान डोळ्यांसमोर आणावे. अंक हाती पडताच आपण बहुतेक जण ते पान प्रथम उघडतो. तेथे आपल्याला काय दिसते? लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेला एखादा चेहरा, ज्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा अर्धा हात राहून गेलेला असतो; नाही तर ओळखपत्रावरील भेदरलेली मुद्रा. ज्यांनी सत्तर-ऐंशी वर्षे घर सांभाळले, त्यांचे घरातले, त्यांच्या नेहमीच्या जागेवरचे एक धड चित्र आपल्यापाशी नसते. कॅमेरे आता घरोघरी झाले, फोन तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी ही उणीव संपलेली नाही. म्हणून चिरंजीवांचा प्रश्न मला आपल्या सर्वांचा वाटला.

प्रथम प्राइम लेन्स म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याबरोबर जे भिंग मिळते ते बहुधा झूम असते, म्हणजे त्याचे नाभीय अंतर १८ पासून ५५ मिलिमीटरपर्यंत फिरवून बदलता येते. प्राइम लेन्सचे नाभीय अंतर एकच आणि कायमचे. दृश्य लहानमोठे करावयाचे तर भिंग फिरत नाही. आपल्याला पुढे-मागे जावे लागते. मग असे हट्टी भिंग घ्यावे कशाला? तर प्रकाशासाठी. भिंगावर जो एफचा आकडा असतो, तो नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून येतो. म्हणून आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. साधे झूम ५५ च्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. सामान्य किमतीची प्राइम लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. या दोहोंतील प्रकाशाचे अंतर जवळजवळ दहापट आहे. संध्याकाळी देवघरात दिवा लागला असता झूमला जेथे सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेथे हिला सुमारे शंभरावा भाग पुरतो. पहिल्या वेळात हात हलतो, आजी मान वळवते, नातू पळून जातो. दुसऱ्या वेळात चित्र मिळते. फ्लॅशचा भपका मारून चेहरा पांढराफटक करण्याची गरज उरत नाही.

माणसाच्या चेहऱ्यासाठी प्रकाश मिळविण्याची ही धडपड छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८३९ साली दागेर यांची पद्धती पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत आणि जिवंत माणसाने इतका वेळ निश्चल बसणे दुष्कर होते. १८४० साली व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झव्हाल यांनी माणसांच्या चित्रांसाठी मुद्दाम एक भिंग गणिताने सिद्ध केले. त्याचे छिद्र एफ ३.६ इतके मोठे होते. त्यामुळे बैठकीचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला आणि सामान्य गृहस्थालाही आपले चित्र काढून घेणे शक्य झाले. आज चिरंजीव जे भिंग मागत आहेत, ते त्याच वंशातले आहे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण उपदेशापेक्षा चुकीचा उपयोग अधिक होतो. मी पहिले भिंग घेतले ते ८५ मिलिमीटरचे, एफ १.८. व्यक्तिचित्रासाठी हेच उत्तम, असे जाणकारांकडून ऐकले होते आणि ते खोटेही नव्हते. घरी आणून मी आईचे चित्र काढावयास गेलो. आई स्वयंपाकघरात भाकरी थापीत होती. आमचे स्वयंपाकघर लहान. दाराला पाठ टेकून उभा राहिलो, तरी तिच्यात आणि माझ्यात सहा फुटांपेक्षा अधिक अंतर होईना. माझ्या कॅमेऱ्यावर त्या अंतरावरून, कॅमेरा उभा धरूनही, जेमतेम वीस इंच उंचीचा भाग चौकटीत येई. चेहरा आला, मागची भांडी लोण्यासारखी विरघळून गेली, सर्वांनी वाहवा केली. परंतु हात आले नाहीत, परात आली नाही, चूलही आली नाही. माझ्या आईची ओळख तिच्या हातांत होती. "पुढे केव्हा तरी दुसरे भिंग घेऊ," असे म्हणत दोन वर्षे गेली आणि आई गेली. ते चित्र आज आमच्या भिंतीवर आहे. पाहुणे त्याची स्तुती करतात, तेव्हा मी गप्प बसतो. त्याच जागेवरून ३५ मिलिमीटरच्या भिंगाने चार फूट उंचीचा भाग आला असता, हे गणित मी पुष्कळ उशिरा केले.

ते गणित अगदी सोपे आहे आणि विद्यार्थिमित्रांनी ते दुकानात जाण्यापूर्वीच करावे. कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदकाच्या रुंदीला अंतराने गुणावे आणि नाभीय अंतराने भागावे. जे उत्तर येते तितक्या रुंदीचे दृश्य चौकटीत मावते. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी मापाचा लहान संवेदक असतो. त्याची रुंदी साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास, आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत त्याहून किंचित कमी. दहा फुटांवरून ५० चे भिंग अशा कॅमेऱ्यावर पावणेपाच फूट रुंदी दाखविते, ३५ चे सुमारे पावणेसात फूट आणि २४ चे पावणेदहा फूट. मोठ्या, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या संवेदकावर तेच ५० चे भिंग सव्वासात फूट दाखविते. "पन्नासचे भिंग सर्वांत चांगले" हे वचन जुन्या फिल्मच्या काळापासून चालत आले आहे. ते ३६ मिलिमीटरच्या चौकटीपुरते खरे होते. लहान संवेदकावर तेच पन्नास, पंचाहत्तर-ऐंशीसारखे वागते. वचन तेच राहिले, कॅमेरा बदलला, आणि पुष्कळांची निराशा झाली ती यामुळे.

यावरून माझे मत असे, की ज्याला घरातली माणसे घरातच टिपावयाची आहेत, त्याने लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यासाठी प्रथम ३५ मिलिमीटरचे भिंग घ्यावे. घर फारच लहान असेल तर २४ किंवा २८ चे. मोठ्या संवेदकाचा कॅमेरा असेल तर ५० किंवा ३५. नुसते चेहरे टिपण्यासाठी ८५ चे भिंग फार सुंदर, पण ते दुसरे किंवा तिसरे असावे. मात्र माझ्या मतावरही विसंबू नका. आपल्याजवळच्या झूम भिंगाचे कडे ३५ वर आणून त्यावर साधी चिकटपट्टी लावा आणि आठवडाभर तसेच चित्रण करा. पुढील आठवडा ५० वर. कोणत्या आठवड्यात सारखे भिंतीला पाठ लावावी लागली, कोणत्या आठवड्यात माणसाच्या अंगावर जावे लागले, ते आपोआप कळेल. शिवाय प्रत्येक डिजिटल चित्राबरोबर त्याचे नाभीय अंतर नोंदलेले असते. आपल्याला आवडलेली पन्नास चित्रे काढून ते आकडे पाहिले, तर आपली नजर कोठे रमते हेही समजते. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. लहान नाभीय अंतराचे भिंग नाक मोठे दाखविते, असे म्हणतात. वस्तुतः नाक मोठे दिसते ते अगदी जवळ गेल्यामुळे. फोनने हातभर अंतरावरून काढलेल्या चित्रांत हाच प्रकार होतो. पाच-सहा फुटांवर उभे राहा. ३५ चे भिंगही कुणाचे नाक वाढविणार नाही.

खरेदीविषयी दोन-चार सूचना. किमती मी सांगत नाही, कारण हे भाषण छापून होईपर्यंत त्या बदलतील. परंतु एफ १.८ चे भिंग घ्यावे आणि एफ १.४ च्या मोहात पडू नये, एवढे अवश्य सांगतो; प्रकाश दीडपटीहून थोडा अधिक मिळतो, पण किंमत आणि वजन बहुधा त्या मानाने फार वाढते. भिंग आपल्या कॅमेऱ्याच्या तोंडाला बसते की नाही, याची खात्री करावी. कॅननच्या नव्या आरएफ जातीचे भिंग जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर बसत नाही. निकॉनचे जुने ५० मिलिमीटर एफ १.८ डी भिंग स्वस्त मिळते. परंतु त्यात स्वतःची मोटर नाही, आणि डी ३००० व डी ५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांतही ती नसल्यामुळे तेथे फोकस हातानेच करावा लागतो.

जुने भिंग घेण्यात कमीपणा नाही. मात्र ते विजेरीच्या प्रकाशात आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि नमस्कार करून परतावे. मुंबईकर आणि कोकणवासी बांधवांना पावसाळ्यातील दमट हवा सांगावयास नको. भिंग चामड्याच्या पिशवीत कोंडून कपाटात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावे, आणि मुख्य म्हणजे वापरावे.

वापरतानाही तारतम्य हवे. छिद्र मोठे आहे म्हणून ते सदैव उघडे ठेवू नये. लहान संवेदकावर ५० च्या भिंगाने साडेसहा फुटांवरून एफ १.८ वर चित्र घेतले, तर अवघा चार-पाच इंच खोलीचा भाग स्पष्ट येतो. आजी स्पष्ट आणि शेजारी थोडे मागे बसलेले आजोबा पुसट, असा पंक्तिप्रपंच घडतो. दोघे असतील तर एफ ४, समुदाय असेल तर एफ ५.६, आणि अंधारात एकटे माणूस असेल तेव्हाच १.८. वृद्धांना उजेडाकडे तोंड करून बसवू नये, डोळे मिटतात. खिडकीच्या बाजूला बसवावे आणि गप्पा माराव्यात. फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

एकाच भिंगाने काय साधणार, अशी शंका कुणी घेईल. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतांश काम लायका कॅमेऱ्यावरील एका ५० मिलिमीटरच्या भिंगाने केले. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या काही वेळ आधी, ते महात्माजींना भेटले होते आणि पुढे त्या शोकाची चित्रे त्यांनी जगापुढे नेली. आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. त्यांच्या हातातील रोलिफ्लेक्स कॅमेऱ्याचे भिंग बदलण्याची सोयच नव्हती. तरी स्वातंत्र्याच्या उदयकाळातील किती तरी क्षण त्यांनी आपल्यासाठी जतन केले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. एकच भिंग असले, की हात आणि डोळा त्याचे अंतर शिकतात. कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच कोठे उभे राहावे ते कळते, आणि माणसाजवळ जावयाचे तर पायांनीच जावे लागते. माझ्या मते प्राइम लेन्सचा सर्वांत मोठा गुण तोच आहे.

तेव्हा चिरंजीव, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या घरी जा. घरातील सर्वांत वडील माणूस कोठे बसते ते पाहा. तेथून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. त्या माणसाची ओळख कशात आहे, चेहऱ्यात, हातात, की त्या खुर्चीत, ते ठरवा. आणि जे भिंग तेवढे सारे चौकटीत घेईल, ते विकत घ्या. भिंग येईपर्यंत थांबूही नका. चिकटपट्टी लावलेले झूम असो वा फोन असो, पहिले चित्र आजच रात्री खिडकीजवळ किंवा दिव्याजवळ घ्या. चांगले भिंग पुढच्या वर्षीही मिळेल. माणसाविषयी तशी हमी मला देता येत नाही.

मंडळाच्या चालकांना माझी एक नम्र सूचना आहे. पुढील स्मरणिकेत दोन पाने राखून ठेवावीत आणि आपल्या तरुणांनी घरातील ज्येष्ठांची, त्यांच्या नेहमीच्या जागेवर काढलेली चित्रे नावगावासह तेथे छापावीत. श्रद्धांजलीच्या पानाआधी ही पाने यावीत, एवढीच माझी इच्छा आहे.