किराया कोणाच्या खात्यात?

गृहपाल बंधू-भगिनींनो, या सभेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आदिवासी वसतिगृहांचा आढावा घ्यावा, अशी स्वागताध्यक्षांची सूचना आहे. घेतो. जागा कमी, अर्ज जास्त. आपल्यातले काही जण दोन-दोन वसतिगृहं सांभाळतात. झाला आढावा.

आता दुपारच्या सत्रातल्या ठरावाकडे वळतो, कारण त्यासाठीच मी हे पद स्वीकारलं. स्वयम् योजनेतला निवास भत्ता विद्यार्थ्याऐवजी थेट घरमालकाच्या खात्यात टाकावा, असा तो ठराव. नोकरीत असताना बैठकीमागून बैठकीत हे ऐकलं आणि वरिष्ठ बसलेत म्हणून गप्प राहिलो. आजही वरिष्ठ बसलेत, पण माइक माझ्याकडे आहे.

2016 मध्ये स्वयम् योजना आली. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, बारावीपुढं शिकणाऱ्या मुलाला भोजन, निवास आणि निर्वाह असे तीन भत्ते. त्या वेळी ठरलेला निवास भत्ता गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 12 हजार. दहा महिन्यांचं सत्र धरलं तर गडचिरोलीत महिन्याला 1200 रुपये. त्यात एकट्याला खोली कुठली? तिघं-चौघं मिळून किरायानं घेतात.

ठरावाचे समर्थक म्हणतात, पोट्टे पैसे मोबाईलवर उडवतात, किराया थकतो, मग घरमालक आदिवासी मुलांना दारातूनच परत पाठवतात. परत पाठवतात हे खरं, मी पाहिलंय. पण किराया थकतो तो पैसा उशिरा येतो म्हणून. हजेरीचा दाखला, आधार जोडणी, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची पडताळणी, मग निधीची वाट. जूनमध्ये खोली घेतलेल्या मुलाचा हप्ता दिवाळीनंतर निघाला, तर घरमालकालाही तो दिवाळीनंतरच भेटणार. खातं बदललं म्हणून तारीख बदलते का?

थेट घरमालकाला पैसे दिले की काय होतं, हे सांगायला मला अहवाल लागत नाही. भामरागडकडची एक माडिया मुलगी गडचिरोलीत बी.ए. करत होती. पावसाळ्यात खोली गळायची, चुलीजवळ बादली ठेवून झोपायची. मी म्हटलं, "खोली बदल ना." ती म्हणाली, "कशी बदलू सर? कार्ड काकूकडे आहे." त्या घरमालकीणबाईंनी खोलीतल्या चारही मुलींची एटीएम कार्डं नि पासबुकं आपल्या कपाटात ठेवली होती. हप्ता आला की बाई स्वतः काढायच्या, भोजनाचे पैसेसुद्धा. गळक्या छताबद्दल बोललं की उत्तर ठरलेलं : "जा की मग." जाणार कशी? पर्लकोटा नदीला पूर आलेला, गावाचा रस्ता बंद, हातात दमडी नाही. मी कार्डं परत मिळवून दिली. पुढच्याच महिन्यात छतावर ताडपत्री चढली, कारण आता किराया मुलींच्या हातून जाणार होता. हा ठराव म्हणजे ते कपाट सरकारी करणं आहे.

कुणी 2018 ची आठवण देईल. तेव्हा वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे मुलांच्या खात्यात टाकायचं ठरलं, आणि मुलं स्वतःच त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे चालत निघाली. "बघा, मुलांनाच पैसा नको!" असा त्याचा अर्थ आपल्यातल्या काहींनी लावला. बाप्पा, त्यांना सरकारनं आपली जबाबदारी सोडू नये असं वाटत होतं. खासगी घरमालकाच्या ताब्यात द्या, असं कोण म्हणालं?

सकाळी एका तरुण सहकाऱ्यानं ब्रिटनचा दाखला दिला. तिथं युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यात भाड्याचा पैसा भाडेकरूच्या हाती गेला आणि थकबाकी वाढली, हे बरोबर. पण पहिला हप्ता यायलाच काही आठवडे लागायचे, हे त्यानं वाचलं नाही. आणि स्कॉटलंडनं 2017 मध्ये, पैसा घरमालकाकडे जावा की आपल्याकडे, हे भाडेकरूलाच विचारायला सुरुवात केली, हेही नाही. विचारणं! आपल्या अर्जात त्यासाठी एक रकाना नाही.

खरी अडचण उशिराची आहे, म्हणून हप्ता कोणत्या तारखेला जमा झाला, याची नोंद प्रत्येकानं ठेवावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या पाचही प्रकल्प कार्यालयांच्या तारखा एकत्र करून एक पुस्तिका काढू. कोण काढेल, खर्च कुठून, ते नंतर बघू.

दुपारी ठराव मताला येईल. दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच अध्यक्षाला मत देता येतं. माझ्यावर ती वेळ आणू नका, ठराव पाडा.