कुलूप आणि गिऱ्हाईक

कुलूप चोरासाठीं असतें, घरधन्यासाठीं नव्हे. संगणकाच्या व्यवहारांत मात्र उलटा न्याय दिसतो. पुंडलिकनगरांत लग्नपत्रिका जुळविणाऱ्या एखाद्या दुकानदारानें रोख दाम मोजून विंडोज प्रणाली घेतली, तरी संगणकाचे महत्त्वाचे भाग बदलतांच त्याला आपली खरेदी पुनः सिद्ध करावी लागते. मायक्रोसॉफ्टनें ही अट २००१ सालीं ‘एक्सपी’बरोबर रूढ केली. २४ ऑगस्ट २००७ रोजीं कंपनीच्याच माणसांच्या चुकीनें पडताळणीचें केंद्र बिघडलें आणि हजारों प्रामाणिक गिऱ्हाइकें नकली ठरलीं. पडताळणीच उखडून टाकलेली चोरटी प्रत वापरणाराला त्याची झळहि लागली नाहीं! पडताळणी खुशाल असावी. परंतु उत्तर मिळेपर्यंत गिऱ्हाइकाचें काम चालूं द्यावें, हाच खरा न्याय होय.