पायांनी चव घेणारं फुलपाखरू

कुंडीतल्या कढीपत्त्याभोवती काळं-पिवळं फुलपाखरू घिरट्या घालताना दिसलं, तर जरूर थांबून बघा. ती बहुधा लिंबाच्या फुलपाखराची मादी असते. लिंबू, संत्रं, बेल, कढीपत्ता ही झाडं एकाच कुळातली. तिच्या अळ्या याच पानांवर वाढतात. डोक्यावरच्या स्पर्शिकांनी ती हवेतला वास टिपते. मग पानावर उतरून पुढचे पाय भराभर आपटते. पायांवरच्या सूक्ष्म केसांना पानातली रसायनं कळतात, म्हणजे ती चक्क पायांनी चव घेते! किती नेमकी ही पारख! खात्री पटली, की कोवळ्या पानावर अंडं. पुढे अळीला डिवचलं, तर ती डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. कृपया तिच्यावर फवारणी करू नका.