जावांतील गोड बरगड्या

स्वयंपाकावर बोलण्यास एका निवृत्त शाळामास्तरास कां बोलावलें, असा प्रश्न आपणांस पडला असेल. मलाही पडला होता. परंतु जो विद्यार्थी एकदां नापास होऊन पुन्हां परीक्षेस बसला, त्यास तो धडा इतरांपेक्षां अधिक नीट आठवतो. एवढाच माझा अधिकार.

माझा मुलगा नोकरीनिमित्त जावा बेटावर असतो. त्याच्याकडे कांहीं महिने राहिलों असतां शेजारच्या चिनी वंशाच्या कुटुंबांत हा पदार्थ मीं प्रथम खाल्ला. डुकराच्या बरगड्या, भरपूर लसूण आणि ‘केचप मानिस’ नांवाचा काळा, काकवीसारखा दाट रस. तेथील भाषेंत केचप म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट रस व मानिस म्हणजे गोड. सोया सॉसची विद्या मूळ चीनची. जावांतील लोकांनीं तींत ताडामाडाच्या रसाचा गूळ मिसळला आणि ती आपलीशी केली. तेथील बहुसंख्य लोक मुसलमान. ते याच रसांत गोमांस शिजवितात. डुकराचें मांस खाणारीं घरें मुख्यत्वें चिनी वंशाचीं. शेजारच्या बाली बेटावरील हिंदूही तें खातात.

पुढें मुलगा रजेवर घरीं आला, तेव्हां त्यास न सांगतां हा पदार्थ करण्याचें मीं ठरविलें. सर्व जिन्नस एकदम पातेल्यांत घातले, मोठ्या आंचेवर ठेवले आणि वर्तमानपत्र वाचीत बसलों. अर्ध्या तासांत रस तळाला लागून करपला. मांस मात्र हाडाला घट्ट चिकटलेलें. मुलानें तें मुकाट्यानें खाल्लें व आणखी वाढावयास सांगितलें. श्रोतेहो, वर्गांत एखाद्या मुलाचें चुकलेलें उत्तर मीं कधीं इतक्या दयेनें ऐकून घेतलें नव्हतें.

मग चूक शोधूं लागलों. बरगडीच्या मांसांत चिवट तंतु फार. ते ओलाव्यांत, मंद आंचेवर, तास-दीड तासानें विरघळून मऊ होतात. घाई केल्यास आवळून बसतात. गुळाचा स्वभाव नेमका उलट. त्यास थोडी आंच पुरे, अधिक झाली कीं तो कडू होतो. म्हणून मांसास आधीं वेळ द्यावा आणि गोडास शेवटीं बोलवावें.

लसणीचेंही तसेंच. पाकळी ठेचली म्हणजे तिच्यांतील दोन निरनिराळीं द्रव्यें एकत्र येतात व तिखट उग्रता उत्पन्न होते. अख्खी पाकळी शिजविली तर ती उग्रता उत्पन्नच होत नाहीं. पाकळी लोण्यासारखी मऊ व गोडसर होते. यास्तव अर्धी लसूण ठेचावी, अर्धी अख्खी ठेवावी.

आतां कृति. एक किलो बरगड्यांचे एकेका हाडाचे तुकडे करून थंड पाण्यांत घालावे; उकळी आल्यावर पांच मिनिटांनीं तें मळकट पाणी ओतून द्यावें. दोन मोठे चमचे तेलांत चार लहान कांदे, दहा ठेचलेल्या पाकळ्या व बोटभर आलें परतावें. लसूण तांबूस होण्यापूर्वींच बरगड्या घालाव्या. मग दहा अख्ख्या पाकळ्या, एक चक्रीफूल, थोडी मिरपूड, दोन चमचे गोड रस आणि बुडतील इतकें ऊन पाणी. मीठ मुळींच घालूं नये. रस खारट असतोच. झांकण ठेवून तास-सव्वा तास मंद शिजवावें. मांस हाडापासून सुटूं लागलें म्हणजे झांकण काढून आणखी चार चमचे रस घालावा आणि तो बरगड्यांस चकचकीत लेपासारखा बसेपर्यंत हलवीत राहावें. ही शेवटचीं दहा मिनिटें. यांत वर्तमानपत्र वाचूं नये!

गोड रस न मिळाल्यास एक वाटी सोया सॉसमध्यें एक वाटी चिरलेला गूळ मंद आंचेवर विरघळवून दाट करावा. गोव्यांतील माडाचा काळा गूळ मिळाला तर उत्तमच. जावांतही माडाचा गूळ होतो. हें मांस ज्यांच्या घरीं वर्ज्य आहे, त्यांनीं बकऱ्याच्या बरगड्या घ्याव्या. डुकराचें मांस मात्र आंतपर्यंत पुरतें शिजलेंच पाहिजे. कच्चें राहिल्यास पोटांत पट्टकृमि होण्याचें भय असतें.

मुलाच्या पुढच्या रजेंत मीं पुन्हां बरगड्या केल्या. या खेपेस त्यानें आणखी वाढावयास सांगितलें नाहीं. पातेलेंच स्वतःकडे ओढून घेतलें, आणि तळाशीं राहिलेल्या रसांत भात कालवून खाल्ला. मागील वेळीं त्याचें मागणें किती खरें होतें, तें मला त्या दिवशीं कळलें.